शंभर सिगारेटींची सूट, बॅगेत दहा हजार! विमानातून तस्करी होते तरी कशी?

अहिल्यानगर : "दुबईला फुकट फिरून ये. तिकीट आमचं, राहणं-खाणं आमचं. येताना फक्त एक बॅग आणायची." गावातल्या रिकाम्या पोराला असं कुणी म्हणालं, तर त्या बॅगेत सोनंच असेल असं नाही. सिगारेटीही असतात. "सिगारेट म्हणजे काय गांजा थोडाच आहे," असं म्हणत पोरगं तयार होतं आणि तिथंच फसतं.

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 100 सिगारेटी, म्हणजे वीसची पाच पाकिटं, ड्युटी न भरता आणता येतात. त्यावरचा माल कस्टमला सांगून ड्युटी भरावी लागते. एका कार्टनात 10 पाकिटं, 200 सिगारेटी. मोठ्या बॅगेत असे 50 कार्टन आरामात बसतात. करा हिशेब. ई-सिगारेटवर तर 2019 पासून देशात बंदीच आहे, ती एकसुद्धा आणता येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडे सिगारेटवर कर जबर. आखातातल्या विमानतळावरच्या ड्युटी-फ्री दुकानात तो लागत नाही. चुकवलेला कर हीच कमाई. टोळीवाले माल एकाच माणसाकडे देत नाहीत, चार-सहा जणांत वाटतात. एक पकडला गेला तरी बाकीचे सुटतील, हा त्यांचा हिशेब. पकडला जातो तो बॅग उचलणारा. पैसे लावणारा विमानतळावर फिरकतही नाही.

आपल्या जिल्ह्यातला माणूस आखातातून येतो तो बहुतेक मुंबई नाहीतर पुण्याच्या लोहगाव विमानतळावर. तिथं सामान घेतल्यावर दोन वाटा असतात. लाल वाट ड्युटीचा माल सांगणाऱ्यांची, हिरवी वाट काही सांगायचं नसणाऱ्यांची. हिरव्या वाटेनं चालत गेलं म्हणजेच "माझ्याकडे काही नाही" असं सरकारला सांगितल्यासारखं होतं. कस्टमवाले संशय आला की बॅग एक्स-रे मशीनमधून काढतात. ओळीनं रचलेले कार्टन त्यात लपत नाहीत. "बॅग माझी नाही, दुसऱ्यानं दिली" हे ऐकून कुणी सोडत नाही, कारण बॅगेचा टॅग तुमच्या नावाचा असतो.

माल जप्त होतो, दंड बसतो. बाजारातली किंमत 1 कोटीच्या किंवा चुकवलेली ड्युटी 50 लाखांच्या वर गेली, तर 1962 च्या कस्टम कायद्यानं सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोठा माल मात्र विमानानं कमी आणि जहाजानं जास्त येतो. न्हावा शेवा बंदरात दुसऱ्याच मालाच्या आड लपवलेल्या सिगारेटी डीआरआयनं कंटेनरमधून अनेकदा काढल्यात.

पुढं हा माल गाडीनं शहरात आणि तिथून टपरीवर. कोरियाची बारीक 'एसे', इंडोनेशियाची लवंगाच्या वासाची 'गुडंग गरम' ही नावं पोरांना पाठ आहेत. राज्यात 2020 पासून सुटी सिगारेट विकायला बंदी आहे, पण टपरीवर पाळतंय कोण? सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, आणि चोरट्या मालाचं फावतं ते त्यामुळंच. कायदेशीर पाकिटाच्या दोन्ही मोठ्या बाजूंवर 85 टक्के जागेत इशाऱ्याचं चित्र लागतं, शिवाय छापील किंमत आणि आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता. हे नसेल तर माल कुठून आला ते टपरीवाल्यालाही कळतं. अधिकारी आले की आधी खरेदीचं बिल मागतात, आणि अशा मालाला बिल नसतं.