बोर्ड मेला? आधी नाडी तर बघा!

विज्ञान प्रदर्शन उद्यावर आलंय. कुंडीतली माती सुकली की आपोआप पाणी सोडणारं यंत्र तुमच्या गटानं बनवलंय. पुठ्ठ्याचं घर रंगवून झालं, पंप बसवून झाला. आता आर्डुइनोच्या बोर्डात प्रोग्रॅम घातला की काम फत्ते! तुम्ही ऐटीत संगणकावर अपलोडचं बटण दाबता आणि... पडद्यावर खाली इंग्रजीतली लांबलचक तक्रार. पुन्हा दाबता, पुन्हा तीच. मग गटातला एखादा हुशार छातीठोकपणे सांगतो, ‘‘बोर्ड जळाला!’’ आणि पाठोपाठ दुसरा विचारतो, ‘‘शेवटी हात कुणी लावला होता?’’

थांबा. बोर्ड खरंच जळाला की नाही, हे तो बोर्डच सांगतो. फक्त विचारायचं कसं, ते कळलं पाहिजे.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर आर्डुइनो उनो तुम्ही पाहिला असेलच. इटलीतल्या इव्रिया गावी, एका डिझाइन संस्थेत २००५ साली आर्डुइनोचा जन्म झाला. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता येईल असा स्वस्त बोर्ड तिथल्या शिक्षकांना हवा होता. नाव कुठून आलं, ठाऊक आहे? ही मंडळी ज्या बारमध्ये जमत, त्याच्या नावावरून! आणि त्या बारला नाव होतं इव्रियाच्या आर्डुइन राजाचं, जो १००२ साली इटलीचा राजा झाला. हजार वर्षांपूर्वीचा राजा आज तुमच्या कुंडीला पाणी घालतोय म्हणा ना!

उनोवर दोन महत्त्वाच्या चिप असतात. काळी, लांबट, २८ पायांची ती मुख्य चिप, एटमेगा ३२८पी. दुसरी छोटी चिप यूएसबीच्या खाचेजवळ बसते. ती दुभाषी. संगणकाचं बोलणं मुख्य चिपला कळेल अशा भाषेत सांगायचं, हे तिचं काम. मुख्य चिपची प्रोग्रॅमसाठीची जागा ३२ किलोबाइट. त्यातल्या अर्ध्या किलोबाइटमध्ये एक इवलासा प्रोग्रॅम आधीपासून राहतो, त्याचं नाव बूटलोडर. हे म्हणजे फाटकावरचे शिपाईमामा बरं का! रिसेटची घंटा झाली की मामा साधारण सेकंदभर फाटकात उभे राहतात. नवा प्रोग्रॅम घेऊन कुणी आलं तर त्याला आत घेतात. कुणीच आलं नाही तर फाटक लावतात आणि जुना प्रोग्रॅम सुरू होतो.

म्हणजे प्रोग्रॅमचा प्रवास असा : संगणक, केबल, दुभाषी, शिपाईमामा. यातला एकही जण अडला की अपलोड होत नाही. मग सगळा दोष शेवटच्या चिपवर आणि ती हाताळणाऱ्या मुलावर का टाकायचा?

आमच्या वर्गात एकदा हेच झालं. ‘‘बाई, हिनं बोर्ड जाळला!’’ म्हणत चौघं जण एका मुलीला घेऊन आले. वायरी तिनंच जोडल्या होत्या. बोर्ड शाळेचा, घरून पैसे भरून मागतील या भीतीनं तिचे डोळे भरून आलेले. मी विचारलं, ‘‘ऑन लिहिलंय तिथला दिवा लागतो का?’’ लागत होता. ‘‘संगणकाच्या पोर्टच्या यादीत बोर्ड दिसतो का?’’ नाही. ‘‘केबल कुठली?’’ मोबाइलच्या चार्जरची! चौघांपैकीच एकानं घरून आणलेली. उनोला लागणारी केबल सापडत नव्हती म्हणून त्यांनी छोटा नॅनो बोर्ड घेतला होता, त्याला ती चपखल बसली. यूएसबीच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. पण काही केबली नुसत्या चार्जिंगसाठी बनतात. त्यांत माहितीच्या ताराच नसतात. दिवा लागतो आणि आपण फसतो. दुसरी केबल लावली, यादीत बोर्ड उगवला, दोन मिनिटांत अपलोड झालं. ती मुलगी काही बोलली नाही. फक्त त्या चौघांकडे एकदा बघितलं!

तेव्हा पहिला प्रश्न दिव्याचा. दिवा लागतच नसेल तर जोडलेल्या सगळ्या वायरी काढून बघा. आता लागला? मग बोर्ड धडधाकट आहे, तुमच्या जोडणीत कुठेतरी पाच व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना भिडलेत. चिप चटका बसण्याइतकी तापली असेल तर मात्र आधी केबल उपटा, विचार नंतर करा.

दुसरा प्रश्न पोर्टचा. यादी बघा, केबल काढा, पुन्हा बघा. जे नाव गायब झालं तो तुमचा बोर्ड. काहीच बदललं नाही तर आधी केबल बदला. तरी दिसत नसेल तर ड्रायव्हर बघा. स्वस्त बोर्डांवर दुभाषी म्हणून बहुतेक वेळा सीएच ३४० ही चिप असते आणि काही संगणकांना तिची ओळख ड्रायव्हर घालून करून द्यावी लागते.

पोर्ट दिसतो, पण तक्रारीत ‘नॉट इन सिंक’ असे शब्द आहेत? त्याचा अर्थ ‘मी हाका मारतोय, पण नीट ओ येत नाही’ एवढाच. चिप मेली, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही! बोर्डाचं नाव बरोबर निवडलंय का बघा. उनोऐवजी नॅनो निवडला जाणं ही नेहमीची गंमत. नॅनोची आणखी एक खोड. जुना बूटलोडर हळू बोलतो, २०१८ पासूनचा नवा भरभर. स्वस्त नॅनोंत पुष्कळदा जुनाच असतो, म्हणून यादीतला ‘ओल्ड बूटलोडर’ हा पर्यायही करून बघा. आणि शून्य व एक क्रमांकाच्या पिनांना काही जोडलंय का? दुभाषी आणि मुख्य चिप याच दोन पिनांच्या वाटेनं बोलतात. तिथे ब्लूटूथ बसवलंत की दोघांच्या बोलण्यात तिसरा! तो काढा, अपलोड करा, मग परत लावा. ईएसपी ३२ बोर्ड असेल तर पडद्यावर ‘कनेक्टिंग’पुढे टिंबं पळताना बूटचं बटण दाबून धरा. पुष्कळदा तेवढ्यानंच काम होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला हं. तीन बदलल्यात तर बरं कशानं झालं, ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

एवढं करूनही उनो गप्पच? मग माझी आवडती परीक्षा करा. सगळ्या वायरी काढा. एका वायरनं रिसेट ग्राउंडला जोडा, म्हणजे मुख्य चिप झोपेल. दुसऱ्या वायरनं शून्य आणि एक या पिना जोडा. आता सिरियल मॉनिटर उघडून काहीही लिहून पाठवा. तेच शब्द परत आले, आणि शून्य-एकची वायर काढल्यावर यायचे बंद झाले, तर केबल, ड्रायव्हर, दुभाषी सगळे निर्दोष! संशय उरला तो मुख्य चिपवर.

तरीही ती मेली असेलच असं नाही. कदाचित शिपाईमामाच पुसले गेले असतील. दुसरा चांगला बोर्ड मदतीला घेऊन बूटलोडर पुन्हा घालता येतो. त्याला ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ म्हणतात. सहा वायरी आणि १० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लागतो. हे मात्र शिक्षकांना किंवा ताईदादाला शेजारी बसवूनच करा.

तेही जमलं नाही तर चिप गेली असं धरून चाला. पण २८ पायांची लांबट चिप असलेल्या उनोत ती सॉकेटमध्ये नुसती खोचलेली असते. पूर्ण बोर्ड फेकायचं कारण नाही, चिप तेवढी बदला. जुनी काढण्याआधी तिच्या टोकाची अर्धगोल खाच कुठल्या बाजूला आहे ते वहीत काढून ठेवा. नवी त्याच बाजूला खाच करून हलकेच दाबा, एकही पाय मुडपू देऊ नका. आणि दुकानात मागतानाच सांगा, ‘‘काका, बूटलोडर घातलेली द्या.’’ कोरी चिप आणलीत तर त्या सहा वायरी पुन्हा काढाव्या लागतील!