पाठीशी बांधलेलं मूल

झाशीच्या किल्ल्यात गाइड तटावरची एक जागा हटकून दाखवतो. राणी घोड्यासह इथूनच खाली झेपावली, असं सांगतो. ती उडी आख्यायिकाच असेल. पण एप्रिल १८५८मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या वेढ्यातून राणी रात्री निसटली आणि काल्पीला पोचली, हा इतिहास आहे. त्या रात्रीचं चित्र मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या जपलेलं आहे. आठ वर्षांचा दत्तक मुलगा दामोदर त्यात आईच्या कुशीत नाही, तिच्या पाठीशी घट्ट बांधलेला आहे.

हेच चित्र आता केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. फेब्रुवारी २०२२च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना हार्नेस लागतो: मुलाच्या अंगात जाकीट, आणि त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांवरून घेतलेले. नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर मात्र झाशीत दिसतं, तसंच नागपुरातही दिसतं.

चारचाकीत आपण अधिकच निर्धास्त असतो. नागपूरहून झाशीला थेट राष्ट्रीय महामार्ग ४४ जातो, सुमारे सहाशे किलोमीटर. एवढ्या वाटेवर बाळ कुठे असतं? आजीच्या मांडीवर. आजीची माया खरी, पण ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचं बाळ जवळपास १४० किलोच्या जोराने पुढे फेकलं जातं. एवढं ओझं पैलवानालाही धरवणार नाही. आईने एकाच पट्ट्यात स्वतःला आणि बाळाला घेतलं, तर ते आणखी वाईट, कारण धक्क्यात आईचंच वजन त्याला चिरडतं.

मोठ्यांचा पट्टा लहानग्याच्या गळ्यावर आणि मऊ पोटावर येतो, म्हणून त्याच्यासाठी वेगळी कार सीट लागते. तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानाने फार मोठं आणि मान कोवळी असते. त्यामुळे त्याची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायची; मग धक्का मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. स्वीडनच्या बर्टिल ऑल्डमन यांनी अंतराळवीरांच्या आसनांवरून ही कल्पना घेतली आणि १९६४च्या सुमारास तशी सीट बनवली. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. फुगणारी पिशवीच बाळाचा जीव घेऊ शकते. सीट नीट वापरली, तर तान्ह्यांचे मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत टळतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेल्यास आपल्याकडे हजार रुपये दंड आहे. पण मला दंडापेक्षा मुलाच्या रडण्याची धास्ती मोठी वाटते. दहाव्या मिनिटाला ते हात पसरतं आणि आपण विरघळून पट्टा सोडतो. तेव्हा गाडी थांबवावी, त्याला खाली उतरवावं, पाणी पाजावं, झाडाखाली दोन पावलं फिरवावं आणि मग पुन्हा बांधून निघावं. झाशीला तासभर उशिरा पोचलो तरी चालेल.

बाळंतविड्यात आपण दुपटी, कुंची, वाळे देतो. बाळ दवाखान्यातून घरी येतं, तो त्याचा पहिलाच गाडीतला प्रवास असतो. मावशी-आत्यांनी वर्गणी काढून या विड्यात एक कार सीटही ठेवावी.