उभ्याने काम करताय? पायाखाली काय आहे तेही पाहा

उंची कमीजास्त करता येणारी टेबलं आता पुण्यामुंबईतल्या बऱ्याच कार्यालयांत दिसू लागली आहेत. दिवसभर बसून कंबर धरते, मग कुणीतरी सुचवतं, 'जरा उभं राहून काम करत जा.' टेबल येतं, पहिले काही दिवस उत्साहात जातात आणि थोड्याच दिवसांत नवी तक्रार सुरू होते. कंबरेला आराम पडलेला असतो, पण टाचा ठणकतात, पोटऱ्या भरून येतात, संध्याकाळी मोजे काढले की पायावर खोल वळ दिसतात. बरेच जण इथेच कंटाळून टेबल कायमचं खाली करून टाकतात.

दोष टेबलाचा नसतो. आपल्याकडच्या कार्यालयात काँक्रीटच्या स्लॅबवर व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट असतं. टाचेखाली ते जराही दबत नाही. अशा फरशीवर उभं राहायचं तर पायाखाली काहीतरी हवं, हे आपल्या कष्टकऱ्यांना कधीचं ठाऊक आहे. इस्त्रीवाले पायाखाली गोणपाटाची घडी घेतात, लेथवर काम करणारे कामगार लाकडी फळ्यांवर उभे राहतात. बाजारात 'अँटी-फटीग मॅट' नावाने मिळते ती याच गरजेसाठी बनवलेली, खास फोमची किंवा रबराची चटई. ती निवडायची कशी, हे समजण्यासाठी आधी पाय का दुखतात ते पाहू.

पाय चालल्याने नव्हे, थांबल्याने थकतात

हृदय रक्त पायापर्यंत पोहोचवतं. ते परत वर चढवायचं काम मोठ्या प्रमाणात पोटरीचे स्नायू करतात. पाऊल उचललं की पोटरी आवळते, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या छोट्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. चालताना हा पंप आपोआप सुरू असतो. एका जागी स्तब्ध उभं राहिलं की तो जवळजवळ बंद पडतो. रक्त खालच्या शिरांमध्ये साचतं, पावलं सुजतात. शरीर तोलून धरण्यासाठी पोटरी, मांडी आणि कंबरेचे काही स्नायू सतत ताणलेले राहतात. ताणलेल्या स्नायूंना रक्तपुरवठाही कमी होतो, म्हणून ते लवकर थकतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर शिरा फुगून व्हेरिकोज व्हेन्सचा त्रास जडू शकतो.

चांगली मॅट पायाखाली किंचित दबते. त्यामुळे तोल सांभाळायला शरीराला सारख्या बारीक हालचाली कराव्या लागतात. आपल्या लक्षातही येत नाही, पण वजन या पायावरून त्या पायावर, टाचेवरून चवड्यावर जात राहतं आणि पोटरीचा पंप थोडाफार चालू राहतो. शिवाय सगळा भार टाचेच्या एकाच बिंदूवर न येता तळव्यावर पसरतो.

मऊ मॅट घेऊ नका

दुकानात किंवा ऑनलाइन मॅट घेताना बहुतेकांची इथेच फसगत होते. मॅट जितकी मऊ, तितकी पायाला सुखाची, असं वाटतं. पहिली पाच मिनिटं ते खरंही असतं. पण जुहूच्या किनाऱ्यावर कोरड्या, भुसभुशीत वाळूतून चालताना पोटऱ्या लगेच भरून येतात, तर पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून कितीही चालावंसं वाटतं. मॅटचंही तसंच आहे. फार मऊ मॅटमध्ये पाऊल रुततं, घोटा डगमगतो आणि त्याला सावरण्यातच स्नायू थकतात.

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या राकिए चाम आणि मार्क रेडफर्न या संशोधकांनी २००१ मध्ये याबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा जणांना सात प्रकारच्या पृष्ठभागांवर प्रत्येकी चार तास उभं ठेवून संगणकावर काम करायला दिलं होतं. पायांच्या आणि कंबरेच्या थकव्यात पृष्ठभागामुळे ठळक फरक पडला, पण तो तिसऱ्या आणि चौथ्या तासात. त्रास कमी झाला तो घट्ट, लवचीक आणि दाबाखाली कमी ऊर्जा गिळणाऱ्या पृष्ठभागांवर. ग्राहकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. दोन मिनिटं उभं राहून मॅटची पारख होत नाही. आणि मॅटने पाऊल गिळायचं नसतं, उलट उचलून द्यायचं असतं.

ही पारख घरी सहज करता येते. मॅटवर अंगठा जोराने दाबून दहा सेकंद धरा आणि सोडा. खळगा लगेच भरून आला तर मॅटमध्ये जीव आहे. खड्डा हळूहळू भरत असेल तर ती मेमरी फोमसारखी आहे. झोपायला ठीक, उभं राहायला नाही. मग दोन्ही पायांनी मॅटवर उभे राहा आणि सगळा भार एका टाचेवर टाका. टाचेला खालची फरशी जाणवली तर मॅट तुमच्या वजनासाठी कमी पडते. वजन जास्त असलेल्यांनी अधिक घट्ट मॅट घ्यावी.

जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या आसपास असावी. घरातली योगासनाची चटई चार-सहा मिलिमीटरची असते; ती फरशीचा गारवा अडवते, भार पेलत नाही.

कशाची बनलेली आहे?

कार्यालयासाठी साच्यात एकसंध ओतलेल्या पॉलियुरेथेन फोमची मॅट सगळ्यात भरवशाची. ती महाग पडते, पण बरीच वर्षं उसळी टिकवून धरते. स्वस्तातल्या पीव्हीसी स्पंजच्या किंवा हलक्या ईव्हीए फोमच्या मॅट काही महिन्यांतच पाय ठेवायच्या जागी बसक्या होतात. नैसर्गिक रबर घट्ट आणि टिकाऊ असतं, पण जड असतं, त्याला सुरुवातीला वास येतो आणि तेल लागलं की ते खराब होतं. स्वयंपाकघरात किंवा वर्कशॉपमध्ये, जिथे तेल सांडतं तिथे नायट्राइल रबर घ्यावं. जेलच्या मॅट पायाला सुखावतात, पण उंच टाचेच्या बुटाने किंवा खुर्चीच्या चाकाने त्यांना भोक पडू शकतं.

काही मॅटवर उंचवटे आणि उतार असतात, म्हणजे पाय सारखे वेगवेगळ्या कोनांत ठेवता येतात. सतत चुळबुळ करायची सवय असेल तर त्या आवडतील. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल किंवा तोल जात असेल, तर मात्र सपाट मॅटच घ्यावी, तीही डॉक्टरांना विचारून.

कडा, माप आणि टेबलाची उंची

मॅटच्या कडा चारी बाजूंनी फरशीपर्यंत उतरत्या असाव्यात. सरळ कापलेल्या कडेला पाय अडखळतो, आणि मोबाइलवर बोलत मागे सरकणारा माणूस तिथेच पडतो. खालची बाजू फरशीला धरून राहणारी हवी. गुळगुळीत टाइलवर पायाने ढकलून बघा, सरकता कामा नये. रुंदी साधारण अडीच फूट असली तर दोन्ही पाय ऐसपैस ठेवून उभं राहता येतं. बसायच्या वेळी मॅट पायाने टेबलाखाली सारता आली पाहिजे, कारण चाकाची खुर्ची रोज मॅटवरून फिरली तर कुठलाही फोम चिरतो.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. मॅटने तुम्ही पाऊण इंच उंच झालेले असता, तेव्हा टेबलही तेवढंच वर घ्या. कोपर काटकोनात, मनगट सरळ आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत असली पाहिजे. नाहीतर पाय वाचतात आणि मान आखडते.

पावसाळ्यात मॅट आठवड्यातून एकदा उचलून उभी ठेवा. खाली पुसल्याचं पाणी अडकून राहतं, वास येतो आणि फरशी निसरडी होते.

मॅट आहे म्हणून दिवसभर उभं राहू नका

मॅट थकवा पुढे ढकलते, संपवत नाही. उभं राहिल्याने वजन उतरेल ही आशाही सोडून द्यावी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार बसण्याच्या तुलनेत उभ्याने मिनिटाला जेमतेम ०.१५ किलोकॅलरी जास्त खर्च होते. सहा तास उभं राहिलं तरी हिशेब पन्नास-साठ किलोकॅलरींच्या पुढे जात नाही. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ८३ हजारांहून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासून २०२४ मध्ये सांगितलं की, जास्त उभं राहिल्याने हृदयविकाराचा धोका घटत नाही, मात्र दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त उभं राहणाऱ्यांत व्हेरिकोज व्हेन्ससारख्या रक्ताभिसरणाच्या तक्रारी वाढतात. त्यामुळे आलटूनपालटून बसा, मध्येमध्ये थोडा वेळ उभे राहा आणि दर तासाला चार पावलं चालून या. पाणी आणायला स्वतः उठणं हा पोटरीच्या पंपाला मिळणारा सगळ्यात चांगला व्यायाम आहे.

आपल्याला बसायचं की उभं राहायचं, हे निवडता येतं. त्याच इमारतीच्या दाराशी बारा तास उभ्या असणाऱ्या सुरक्षारक्षकाला, रिसेप्शनवरच्या मुलीला, खालच्या दुकानातल्या सेल्समनला ती मुभा नसते. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना बसायची सोय द्यावी, ही तरतूद १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४४ व्या कलमातच होती. दुकानांतल्या कर्मचाऱ्यांसाठी तसा हक्क केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात घातला. केरळात तो मिळाला तो कापड दुकानांत काम करणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून.

म्हणून कार्यालयांच्या प्रशासन विभागांना कळकळीची विनंती आहे. स्टँडिंग डेस्कसाठी मॅट मागवाल तेव्हा त्याच ऑर्डरमध्ये फाटकावरच्या रक्षकासाठी एक मॅट आणि एक स्टूल जरूर लिहा. आणि तो स्टुलावर बसलेला दिसला, तर त्याला कुणी उठवू नये, हेही सगळ्यांना स्पष्ट सांगा.