नवा गेमिंग पीसी सुरूच होत नाही? या क्रमाने तपासा

आधी लक्षण ओळखा: पंखाही हलत नाही, की पंखे फिरतात पण स्क्रीन काळी?

🔌 पंखाही हलत नाही: पॉवर सप्लायचा मागचा स्विच चालू आहे ना? २४ पिनची केबल खटका वाजेपर्यंत बसली का? कॅबिनेटच्या बटणाची बारीक वायर योग्य पिनांवर आहे का? तिथल्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून बघा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा किंवा वायरीचा.

🖥️ पंखे फिरतात, चित्र नाही: प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल हमखास राहून जाते. ग्राफिक्स कार्डची ८ पिनची केबल वेगळी, ती तिथे कोंबू नका. मॉनिटर ग्राफिक्स कार्डलाच जोडा. इंटेलच्या ‘एफ’ मॉडेल्समध्ये अंगचे ग्राफिक्स नसतात, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर काहीच दिसणार नाही.

🧠 रॅम: एकच स्टिक, शक्यतो प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगला काही मिनिटं लागू शकतात. तेवढा धीर धरा.

💡 दिवे: अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार दिवे असतात. जो पेटून राहतो, गाडी तिथे अडली.

💾 बायोस: जुन्या बायोसचा बी६५० बोर्ड रायझेन ९००० ओळखत नाही. फ्लॅशबॅकची सोय असेल तर पेनड्राइव्हने अपडेट करा.

तरीही नाही? बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर चालवा. चालला, तर कॅबिनेटमधला जादा स्टँडऑफ शोधा. पॉवर सप्लाय मात्र कधीही उघडू नका.