मोपेडचे शॉकअप घरी बदलताना

कोंढ्याहून पवनीला मोपेडवर जाताना प्रत्येक खड्डा कमरेत बसू लागला की आपण रस्त्याला नावं ठेवतो. पण त्याच रस्त्यावर शेजारणीची गाडी बिनआवाज जात असेल, तर आपल्या गाडीचे मागचे शॉकअप बघा.

बाहेर दिसते ती स्प्रिंग. ती धक्का झेलते, पण झेलल्यावर नाचत राहते. तिला शांत करतं ते आतल्या नळीतलं तेल. पिचकारीचं भोक बारीक असलं की दांडा हळू सरकतो ना, तसंच बारीक भोकांतून जाणारं तेल स्प्रिंगला अडवून धरतं. सील फाटून तेल गळालं की उरते नुसती स्प्रिंग. मग चाक खड्ड्यातून उसळून क्षणभर जमीन सोडतं. जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक काय करणार? मागे लेकरू बसलेलं असतं, म्हणून ही गोष्ट कंबरदुखीपुरती नाही.

सीट जोरात दाबून सोडा. वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली, किंवा दांड्यावर तेलात भिजलेली धूळ दिसली, तर शॉकअप गेला. एकच गळत असला तरी जोडी बदला. एक नवा, एक जुना ठेवला तर गाडी एका अंगाला ओढते. घेताना जुन्याशी लांबी आणि भोकं जुळवून बघा.

नट गंजलेला असतो. आदल्या रात्री त्यावर थोडं रॉकेल किंवा डिझेल सोडा, चुलीपासून लांब. सकाळी सायलेन्सर थंड आहे ना ते पाहून गाडी सपाट, टणक जागी डबल स्टँडवर लावा. शेणानं सारवलेल्या अंगणात स्टँड रुततो, तिथे खाली फळी घाला. नटाला घट्ट बसणारा रिंग पाना वापरा. पकडीनं नटाचे कोपरे झिजतात.

आता महत्त्वाचं: एका वेळी एकच बाजू. दुसरा शॉकअप जागेवर असला की चाक लोंबत नाही. वायसर कसे बसले होते त्याचा मोबाईलवर फोटो काढा, मग वरचा आणि खालचा नट काढून शॉकअप बाहेर ओढा. नवा बसवताना भोक जुळलं नाही, तर दुसरीला चाक जरा उचलायला सांगा. भोकात बोट घालून अंदाज घेऊ नका. बुश अडलं तर साबणाचं पाणी लावा, तेल नको. तेलानं रबर फुगतं. नट आधी हलकेच लावा. दोन्ही बाजू झाल्या की गाडी स्टँडवरून उतरवा, कुणाला तरी सीटवर बसवा आणि मग शेवटचं आवळा. लोंबत्या चाकावर आवळलं तर वजन येताच बुश पिळून फाटतं.

पहिली फेरी रिकामी आणि सावकाश. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा तपासा, मगच धानाचं पोतं लादा. जुना शॉकअप खोलू, कापू किंवा विस्तवात टाकू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंडावर येते.

हे सगळं दोन शॉकअपच्या मोपेडचं. मागे एकच शॉकअप असलेल्या स्कूटीचा तो काढला की मागचं धूड खाली येतं, म्हणून ते काम मेकॅनिकजवळ. मोटारीचंही तसंच. शिवनेरीसारख्या व्होल्वो बसमध्ये आणि काही महागड्या मोटारींत तर स्प्रिंगऐवजी हवा भरलेली रबरी पिशवी असते. रबराला भेगा पडून हवा निघते आणि सकाळी गाडी एका कोपऱ्यात बसलेली दिसते. पिशवीत दाबलेली हवा आणि वरून मोटारीचं वजन, हा घरच्या अंगणातला खेळ नाही. नुसत्या जॅकवर उभ्या मोटारीखाली तर कुणालाही, मेकॅनिकलासुद्धा, शिरू देऊ नका.