पेला की ताट?

मनुष्याचे हृदय त्याच्या मुठीएवढे असते. परंतु ते दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावते. या अविश्रांत स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बारीक असतात. लोणी, मांसातील चरबी असे पदार्थ आहारात फार झाले, तर रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, वाहिन्यांच्या आत त्याचा थर साचतो आणि वाट अरुंद होत जाते. ती एकाएकी बंद पडली, म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो.

फ्रान्स देशाने या बाबतीत शास्त्रज्ञांना एक कोडे घातले. तेथील लोक लोणी, चीज व मांस आवडीने खातात. तरीही हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण तेथे इंग्लंड-अमेरिकेपेक्षा पुष्कळच कमी आढळले. जेवणाबरोबर द्राक्षांचे तांबडे मद्य घेण्याची फ्रेंचांची जुनी चाल आहे. सर्ज रेनो या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या मद्याकडे बोट दाखविले. १९९१ साली अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ही गोष्ट सांगितली गेली. मग काय विचारता! तिकडे तांबड्या मद्याची विक्री झपाट्याने वाढली. व्यसनाला औषधाचे नाव मिळाले की ते फारच गोड वाटते.

परंतु कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, म्हणून ती कावळ्यानेच मोडली असे ठरत नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक नामी युक्ती योजली होती. लोक काय खातात, हे त्यांनी लोकांना विचारलेच नाही. कारण सांगताना मनुष्य थोडे लपवितोच. त्यांनी ९८ दुकानांतील सुमारे ३५ लाख खरेद्यांची नोंद तपासली. द्राक्षमद्य घेणाऱ्यांच्या पिशवीत फळे, भाज्या, ऑलिव्ह, कमी चरबीचे चीज अधिक. तर बिअर घेणाऱ्यांच्या पिशवीत साखर, लोणी, सॉसेज, बटाट्याचे तळलेले काप व शीतपेये अधिक! पेल्याला मिळालेले श्रेय पुष्कळ अंशी ताटाचे असावे, असा संशय त्यामुळे बळावला.

दुसरी चूक मोजणीतच होती. थोडे पिणारे लोक मुळीच न पिणाऱ्यांपेक्षा निरोगी असतात, असे तक्त्यांवरून दिसे. पण न पिणाऱ्यांच्या रांगेत उभे कोण होते? आजारपणामुळे ज्यांना मद्य सोडावे लागले, असे लोकही त्यात होते. ब्रिटनमधील जेरल्ड शेपर यांनी १९८८ सालीच हे दाखवून दिले होते. शर्यतीत एका संघात तापातून उठलेली मुले घातली, तर दुसरा संघ जिंकला यात नवल ते काय?

मद्याने रक्तदाब वाढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात, स्नायू दुबळा होतो. शिवाय कर्करोगाचा धोका असतो तो वेगळाच. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले.

खुद्द फ्रान्समध्ये एके काळी शाळेतील जेवणाबरोबर मुलांनाही मद्य दिले जाई! १४ वर्षांखालील मुलांपुरती ही चाल १९५६ साली बंद झाली. त्याच्या दोनच वर्षे आधी पिएर मेंदेस-फ्रान्स या पंतप्रधानांनी शाळाशाळांतून मुलांच्या हाती दुधाचा पेला दिला होता.