लय, पट्टी आणि भाव

कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात कथक पाहताना घड्याळ लावून बघा. मिनिटाला ६० मात्रा असतील, तर तीनतालाचं १६ मात्रांचं आवर्तन १६ सेकंदांत पुरं होतं. २४० झाल्या की चारच सेकंदांत. समेची ओढ वाढते ती इथे.

पण भाव एकट्या लयीवर ठरत नाही. चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ (१८७७) या बॅलेतली ओबोवरची प्रसिद्ध धून बी मायनरमध्ये आहे. म्हणजे षड्ज पांढरी सातवर आणि आसावरी थाटासारखे गंधार, धैवत, निषाद कोमल. शुद्ध गंधाराचं षड्जाशी प्रमाण साधारण ५:४, कोमल गंधाराचं ६:५. फरक एवढासाच, तरी सूर उदास वाटतो. त्यात कानाच्या सवयीचाही वाटा आहे. पट्टी बदलून पांढरी एक घेतली तरी ती उदासी फारशी हटत नाही. गंधार शुद्ध करा, धून लगेच उजळते.